वाकड्या खांबाला दोनदा

आमच्या मास्तरांनी माझ्या शिलाईच्या कामात कधी नाक खुपसलं नाही. मशीनमध्ये दोरा कुठून कुठे ओवतात हेसुद्धा त्यांना धड सांगता येणार नाही. त्यामुळे एका रविवारी दुपारी ते माझ्या मशीनपाशी येऊन घुटमळायला लागले, तेव्हा मला वाटलं, शर्टाचं बटण तुटलं असेल आणि सांगायची लाज वाटत असेल.

"जुनी बटणं असतील ना गं तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या रंगाचं हवंय?"

"कुठलंही चालेल. म्हणजे... सगळीच दे."

बटणांना माझ्याकडे काय तोटा! घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. गिऱ्हाईक कापड आणतं, बटणं आणतं, काम झाल्यावर दोन-चार उरतात, ती न्यायला कुणी परत येत नाही. फॅशन गेलेली, जोडीदार हरवलेली, अशी सगळी बटणं मी बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकत आले होते. ती लागत नाहीत आणि फेकवतही नाहीत. मी डबा काढून त्यांच्या हातात दिला आणि वर म्हटलं, "बरं झालं, फळीवर जागा झाली." पुढे घरात जेव्हा जेव्हा हा विषय निघाला, तेव्हा तेव्हा मी ठणकावून सांगितलंय की बटणं माझी होती, अक्कल तुमची होती.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत खेळाचे शिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरं त्यांना शिट्टीसर म्हणतात. घरी जेवायला बसतानाही ती काढून ठेवायचं भान नसतं, ताटात लोंबते आणि मग मी बोलते. जन्मभर त्यांनी मोठ्या मुलांना शिकवलं. नुकतं मिसरूड फुटलेली, पदकासाठी छाती फुटेस्तोवर धावणारी मुलं. यंदा मात्र लहान वर्गांना खेळ शिकवणाऱ्या बाई बदली होऊन गेल्या आणि हेडबाईंनी पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली मास्तरांच्या गळ्यात मारली. दुसरीत आमची भिंगरीही होती.

भिंगरी ही आमच्या लेकीची लेक. लेक दवाखान्यात नर्स आहे, तिच्या पाळ्यांचा काही नेम नाही. जावई बोटीवर असतो, वर्षातून एकदा येतो आणि दर वेळी पोरीसाठी आखूड होणारा फ्रॉक आणतो. म्हणून मायलेकी आमच्याकडेच राहतात. भिंगरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तेवढंच. पायावर उभी राहिली त्या दिवसापासून ती कधी चाललीच नाही, पळाली. पाणी आण म्हटलं तर पळत, झोपायला जा म्हटलं तरी पळत. सकाळी शाळेला निघताना आजोबांचा हात धरायची तो फक्त कोपऱ्यापर्यंत. कोपरा आला की हात सोडून सुसाट, आणि मागून मास्तर "अगं थांब, गाडी येईल, अगं ए!" करत. जन्मभर दुसऱ्यांना पळवणाऱ्या माणसाला म्हातारपणी नातीने पळवलं, असं मी शेजारणीला सांगून हसायचे. मास्तर तिच्यावर ओरडायचे ते वरवर. त्या सकाळच्या रस्त्यासाठी ते आदल्या रात्री बूट पुसून ठेवायचे, आणि इतकी वर्षं संसार केल्यावर त्याचा अर्थ काय ते मला कुणी सांगावं लागत नाही.

शाळेच्या मैदानाला लोखंडी खांबांचं कुंपण आहे. फेरी मारायची ती आतल्या बाजूला चुन्याने आखलेल्या रेषेवरून. पण भिंगरी त्या रेषेवरून पळायचीच नाही. ती कुंपणाच्या कडेकडेने पळायची आणि प्रत्येक खांबाला हात लावायची. नळाजवळचा एक खांब कधीतरी टेम्पोची धडक बसून वाकलाय. त्याला दोनदा.

"असं का गं करतेस?" मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं.

"एकाला हात लावला आणि दुसऱ्याला नाही लावला, तर त्याला वाईट वाटतं."

"बरं. आणि वाकड्याला दोनदा का?"

"त्याला लागलंय ना, आजोबा!" मोठ्या माणसांना इतकं साधंही कळू नये याचा तिला वैतागच आला होता.

हे मास्तरांनी मला त्या दिवशी दारात, बूटसुद्धा न काढता सांगितलं. सांगताना हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. म्हणजे त्यांना ते कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. कळत होतं, आणि तरी जे करायचं ते केलंच. याचाच मला जास्त राग येतो.

तर झालं असं, की वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाने रेषेवरून एक पूर्ण फेरी मारायची अशी शाळेची परीक्षा असते. मोठ्यांना ती म्हणजे हातचा मळ. पण पहिली-दुसरीतली पोरं म्हणजे बेडकांची वरात, एक धरावं तर दुसरं उडी मारतं. एक मुलगी मुंग्यांची रांग दिसली की तिथेच बसायची. एकजण हात पसरून विमान व्हायचा आणि मैदानाच्या मधोमध उतरायचा. ढोल्या नावाचा एक गोल गरगरीत मुलगा होता, त्याला पळताना इतकं हसू यायचं की तो हसून हसून आडवा व्हायचा. सगळी मजेत होती, घामाने डबडबलेली होती, फेरी मात्र कुणाची पुरी होत नव्हती. आणि सगळ्यात शेवटी, खांबांची विचारपूस करत, आमची भिंगरी.

एकदा हेडबाई गच्चीवरून बघत होत्या. खाली आल्या आणि दोन-तीन शिक्षकांच्या देखत म्हणाल्या, "काय सर, घरच्याच मुलीला फेरी पुरी करता येत नाही, तर बाकीच्यांचं काय बोलायचं?"

हे त्यांना लागलं. त्या दिवशी घरी आल्यावर आपलं तरुणपणीचं एकुलतं एक पदक कपाटातून काढून पुसत बसले, तेव्हाच मी ओळखलं की स्वारी दुखावली आहे. आणि रविवारी ते माझ्या मशीनपाशी आले.

"मोठ्यांना पदक, छोट्यांना बटण," ते मला म्हणाले. "माणसाला पुढ्यात काहीतरी दिसलं, की पाय आपोआप उचलतात."

नियम सोपा होता. रेषेवरून पूर्ण फेरी मारली की एक बटण, आणि जो पहिला येईल त्याने डब्यातून हवं ते निवडायचं.

जादूच झाली हो! मुंग्यांच्या रांगा ओस पडल्या. विमान जमिनीवरून धावायला लागलं. आठवड्याभरात निम्मा वर्ग फेरी पुरी करायला लागला. हेडबाई गच्चीवरून बघून मान डोलवायच्या. मास्तर घरी येऊन डब्यात हात घालून बटणं खळखळवायचे आणि मला कोण कसं पळालं ते सांगायचे. मीही ऐकायचे. चांगलंच वाटायचं. नुसती पडून असलेली माझी बटणं पोरांच्या मुठीत जात होती, त्यात वाईट वाटण्यासारखं काय होतं?

भिंगरीला मात्र एकही बटण मिळालं नव्हतं. ती अजून खांबांवरूनच यायची. एका संध्याकाळी मास्तर बूट पुसत बसले होते आणि ती त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

"आजोबा, मी पण पूर्ण फेरी मारते. उलट जास्तच मारते. मला का नाही बटण?"

"रेषेवरून यायचं असतं, बाळा. नियम सगळ्यांना सारखा."

"मग खांबांना वाईट वाटेल त्याचं काय?"

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाले, "खांबांना काही वाटत नसतं गं. लोखंड आहे ते."

मी आतल्या खोलीत बाह्या जोडत होते. मला ते ऐकू आलं. त्या वेळी त्यात काही खुपलं नाही, हे मी सांगून टाकते. नातीला कुणी खरं सांगितलं तर आजीने का उठून भांडावं? भिंगरी "हं" म्हणाली आणि उठून गेली.

पुढच्या खेळाच्या तासाला ती रेषेवरून पळाली आणि सगळ्यांच्या कितीतरी पुढे, पहिली आली. येणारच होती. तिच्यासारखे पाय त्या वर्गात दुसऱ्या कुणाला नव्हते, ते आजवर खांबांत अडकलेले होते एवढंच. तिने डब्यातलं सगळ्यात मोठं बटण निवडलं. लाल, चार भोकांचं, कुठल्याशा बाईच्या थंडीच्या कोटाचं. लेकीने तिला गोळ्यांची एक रिकामी डबी आणून दिली, त्यात कापूस घालून ते ठेवलं गेलं. त्या दिवशी घरात नुसता आनंदीआनंद होता. मास्तरांनी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून सांगितलं.

मग माझ्या दुकानात शर्ट यायला लागले.

आधी शेजारच्या गल्लीतल्या एका बाई आल्या. नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टाची सगळी बटणं गेलेली. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले, त्यांच्या स्वेटरची. मग एका नवरीच्या ब्लाउजची, तीही पाठीवरची, मोत्याची! मी म्हटलं, बटणांची साथ आली की काय? चष्मा लावून बघते तो दोरे तुटलेले नाहीत, कापलेले. बोथट कात्रीने, कुरतडून कुरतडून. शाळेतल्या हस्तकलेच्या कात्रीने जसं कापलं जातं, अगदी तसं.

संध्याकाळी मी मास्तरांपुढे तो ब्लाउज धरला. "तुमच्या पोरांनी गावाची बटणं साफ केली. माझा धंदा वाढला म्हणून आभार मानू, की तुमचे कान धरू?"

मास्तर आधी हसले. मग हसू विरलं. वर्गात कुणाकडे किती बटणं आहेत यावरून पोरं आपापसात नंबर लावतात, ज्याच्याकडे कमी त्याला खेळायला घेत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता. ढोल्या आता पळायलाच उभा राहत नाही, पोट दुखतं म्हणून भिंतीला टेकून बसतो, हेही ठाऊक होतं. हसून हसून आडवा होणारा मुलगा कित्येक दिवसांत हसला नव्हता. मास्तरांनी ते सगळं मला एकामागून एक सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा घरी परत आणला. मैदानात मुलांना म्हणाले, "आजपासून बटणं बंद. नुसतं खेळायचं. पहिल्यासारखं."

शिट्टी वाजली आणि कुणीच पळालं नाही.

म्हणजे दंगा केला असता, रडली असती, तरी चाललं असतं. पोरं तशीच उभी राहिली आणि एकेक करून खाली बसली. "सर, मग काय मिळणार?" एकाने विचारलं. "काहीच नाही," म्हटल्यावर तो समजूतदारपणे म्हणाला, "मग नको." विमान बसलं, मुंग्यांची मुलगी बसली. मुंग्या तिच्या पायाशीच होत्या, तिने पाहिलंसुद्धा नाही. तेल गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, ते असं.

हेडबाईंना याचं काही वाटलं नाही. उलट त्या म्हणाल्या, "सर, चांगली चाललेली गोष्ट बंद का केलीत? माझ्या घरची बटणं देते हवी तर." परीक्षेपुरता मास्तरांना डबा परत न्यावाच लागला. सगळी मुलं फेरीत पास झाली. शाळेच्या दृष्टीने वर्ष छान गेलं.

आणि आमची भिंगरी चालायला लागली.

घरात चालायची, जिन्यावर चालायची, पाणी आण म्हटलं तर चालत जाऊन चालत यायची. लेक म्हणाली, मोठी झाली आता, बरंच आहे, गुडघे तरी फुटणार नाहीत. मला ते घर ओळखू येईना. सकाळी दोघं शाळेला निघायची, तेव्हा मी मशीनवरून मान वर करून बघायचे. कोपरा यायचा आणि जायचा. मास्तर कोपऱ्यावर पाऊल जरा हळू टाकायचे, ती सुटायची वाट बघत. ती सुटायची नाही.

"पळायचं का आज?" ते विचारायचे.

"कशाला?" ती विचारायची. तक्रार म्हणून नाही, नुसतं विचारायची.

एकदा गिऱ्हाईक गेल्यावर मास्तर दुकानातल्या बाकावर येऊन बसले. मी दोरा दातांनी तोडत होते. म्हणाले, "जन्मभर मला वाटायचं, मी शिट्टी वाजवतो म्हणून पोरं पळतात. ही पोरं शिट्टीच्या आधीच पळत होती गं. मी त्यांना थांबवून परत पळवलं." मग म्हणाले, "लोखंड आहे ते, असं मी कशाला सांगायला गेलो तिला?"

मी उठून त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि खुंटीला अडकवली. एवढंच सुचलं.

सुट्टी लागायच्या आदल्या शनिवारी शाळा लवकर सुटली. मोठ्या मुलांच्या खेळाच्या चड्ड्यांना नवीन इलॅस्टिक घालून दिलं होतं, ते गाठोडं घेऊन मी शाळेत गेले होते. मैदान रिकामं झालं होतं. भिंगरी पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, हातात ती गोळ्यांची डबी. मास्तरांनी मला पाहिलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि कुंपणाकडे गेले.

आणि पळायला लागले.

त्या वयात, त्या गुडघ्यांनी! पहिल्या खांबाला हात लावला, दुसऱ्याला लावला. एकीकडे मला हसू येत होतं आणि एकीकडे 'अहो, बेताने' असं तोंडात येत होतं. शिपाई झाडू थांबवून बघत राहिला. मास्तर नळापाशी पोचले, वाकड्या खांबाला हात लावला, पुढे गेले, आणि आठवून मागे फिरून पुन्हा लावला. पायरीवर भिंगरी उठून उभी राहिली.

मी मनात म्हटलं, जा बाळा, जा. धर आजोबांना. दप्तर राहू दे इथेच. ती दोन पायऱ्या उतरली, मैदानाच्या कडेला गेली, आणि हात वर करून ओरडली,

"आजोबा, तो कोपऱ्यातला राहिला! परत जा!"

मास्तर परत गेले. राहिलेल्या खांबाला हात लावला. ती तिथेच उभी राहून एकेक खांब बघत होती. मास्तर वर्गाला पळवताना जसे उभे राहायचे, अगदी तशीच. हात मागे बांधून.

फेरी पुरी करून ते तिच्यापुढे येऊन उभे राहिले. बोलायला दम नव्हता. तोंड लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला.

"झाले सगळे," ती म्हणाली. "वाकड्याला दोनदा पण लावलात." मग तिने डबी उघडली. आतली बटणं बोटाने इकडेतिकडे सारली, जरा विचार केला, आणि कापसातलं लाल बटण काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या."

"मी काही बटणासाठी नाही पळालो गं," मास्तर म्हणाले.

"मग कशासाठी पळालात?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले, जसं काही उत्तर माझ्या गाठोड्यात होतं.

"घ्या ना," ती म्हणाली. आवाजात दया होती, दुसरं काही नाही. "दमलात ना तुम्ही."

तिच्याकडचं सगळ्यात चांगलं जे होतं ते तिने आजोबांना दिलं होतं. पोर कंजूष नाही आमची, मनाने कधीच नव्हती. मास्तरांनी हात पुढे केला आणि ते घेतलं. नाही म्हणून तिला समजावणार तरी काय?

मग आम्ही तिघं घरी निघालो. पुढे ती दोघं, तिने आजोबांचा हात धरलेला, मागून मी. दुसऱ्या हाताच्या मुठीत मास्तरांनी बटण आवळून धरलं होतं. आमच्या गल्लीचा कोपरा आला. कोपरा गेला. तिने त्यांचा हात सोडला नाही, आणि माझी सख्खी नात माझ्या नवऱ्याचा हात धरून शहाण्यासारखी चालत असताना मी मागून मनातल्या मनात म्हणत होते, सोड गं, सोड तो हात.